दुसरी फेरी

आमच्या गावात बाजार भरत नसे. मिठापासून बैलांच्या वेसणीपर्यंत काहीही हवे असले, की उमरखेड गाठावे लागे. गावापासून उमरखेड दोन कोसांवर. बाजाराच्या दिवशी सकाळीच कुणाची ना कुणाची बंडी जुंपली जाई. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बैलगाडीला बंडी म्हणतात. त्या बंडीत आजीच्या मांडीला खेटून मी बसलेला असे. मागे पैनगंगेकडची काळी जमीन हळूहळू दूर सरकत जाई आणि पुढे उमरखेडच्या वाटेला लागलेल्या इतर बंड्यांची धूळ दिसू लागे. ती धूळ दिसली, की माझे मन बैलांच्याही पुढे धावू लागे.

बाजार म्हणजे आम्हां मुलांना मोठी नवलाई. एकीकडे हळकुंडांचे आणि लाल मिरच्यांचे ढीग. दुसरीकडे बुरडांच्या टोपल्या आणि सुपे. पलीकडे कुंभार, कासार, दोरखंडवाले. तांड्यांवरून आलेल्या बंजारा स्त्रियांच्या कशिद्यातील आरसे उन्हात लखलखत. गोडी शेवेचा वास तर असा सुटलेला असे, की पाय आपोआप तिकडे वळत. माझे वळत, आजीचे कधी वळले नाहीत.

आजीचा एक नियम होता. बाजारात शिरल्यावर ती पिशवी उघडत नसे. पिशवीची घडी काखेत घालून ती संपूर्ण बाजारातून एक फेरी मारी. सगळे पाही, भाव विचारी, धान्य हातात घेऊन दाताखाली चावून बघे. परंतु घेत काहीच नसे. फेरी पुरी झाली, की एखाद्या झाडाच्या सावलीत आम्ही दोघे टेकत असू. आजी पाणी पिई. मग उठून ती पिशवीची घडी मोडी आणि दुसरी फेरी सुरू होई. "पहिली फेरी डोळ्यांची, दुसरी पिशवीची," असे ती म्हणे. मला हा प्रकार अगदी जुलमाचा वाटे. एका फेरीत होणाऱ्या कामाला दोन फेऱ्या कशाला? पहिल्या फेरीत मी तिचा पदर ओढून म्हणे, "आजी, ते भिरभिरे घेऊ या ना!" ती मला कधीच 'नाही' म्हणत नसे. ती म्हणे, "एक चक्कर मारू, मंग पाहू."

आणि नवल असे, की दुसऱ्या फेरीत कित्येकदा त्या भिरभिऱ्याची मला आठवणही राहत नसे. कधी आठवण राही, पण भिरभिरे मघाइतके सुंदर दिसत नसे. त्याचा कागद फाटका आहे, काडी वाकडी आहे, हे आता दिसू लागे. एखाद्या वेळी मात्र दुसऱ्या फेरीतही ती वस्तू तितकीच हवीशी वाटे. अशा वेळी आजी मुकाट्याने पदराची गाठ सोडायला बसे. पैसे ती पदराला तीन गाठी मारून बांधी. त्या गाठी तिच्या थरथरत्या बोटांनी सुटेपर्यंत विचार बदलायला आणखी थोडा अवकाश मिळे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. परंतु आजीचा रुपया अखेरपर्यंत सोळा आण्यांचाच राहिला. पंचवीस पैशांच्या नाण्याला ती चार आणेच म्हणे.

यावरून आजी कंजूष होती असे कोणी समजू नये. काही वस्तूंना ती दुसरी फेरी लावतच नसे. घरात कोणाला ताप असला, तर औषध आधी, बाजार मागून. आमची पाटी फुटली तर नवी पाटी त्याच दिवशी. आणि पोळा जवळ आला, की बैलांसाठी गोंडे, झुली आणि घुंगरे ती पहिल्याच फेरीत, भावाची घासाघीस न करता घेई. मी एकदा रुसून म्हणालो, "बैलांना लगेच आणि मला चक्कर!" आजी हसली. म्हणाली, "अरे, तुला तोंड आहे. तू मागतोस. बैल कुठं मागतो? न मागणाऱ्याचं आधी काढून ठेवावं." त्या वेळी मला यात आजीचा बैलांवरील लोभ तेवढा दिसला.

आजीचे माहेर अमरावती जिल्ह्यातले. तिथे तिने गाडगेबाबांची कीर्तने ऐकली होती. बाबाही त्याच जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले. त्यांच्या मामांची शेतजमीन सावकाराच्या कर्जात गेली होती, तेव्हा कर्ज म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता साधे गोड जेवण घातले आणि जातभाईंचा रोष पत्करला. पुढे कीर्तनांत ते लोकांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे आजीच्या मनात पक्के बसले होते. पण तिला सर्वांत आश्चर्य वाटे ते निराळ्याच गोष्टीचे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात मातीचे गाडगे, अशा त्या माणसाच्या खटपटीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी न खर्चिलेला पैसा कुठे जातो, याचे उत्तर आजीला त्या धर्मशाळांत सापडले असावे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, त्यानंतर आजीने त्यांच्या नावाने दारात रोज झाडू मारण्याचा नेम धरला. तो नेम तिने कधी मोडला नाही.

येथे थोडे आडवळण घेतो. शेतकरी उधळे असतात म्हणून ते गरीब राहतात, असे बोलणारी माणसे त्या काळी होती, आजही आहेत. हे बोलणे मला कधीच पटले नाही. १८७५ साली पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध मोठा दंगा केला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यांतील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले जाते, असे त्या आयोगानेच लिहून ठेवले आहे. बियाणे, बैल, सारा, पोटाला धान्य, अशा साध्या गरजांतूनच कर्ज वाढत जाई. तेव्हा ज्याच्या घरात मुळातच पुरेसे येत नाही, त्याला काटकसरीचे धडे देणे बरे नव्हे. मी जे सांगतो आहे ते माझ्याच एका खरेदीविषयी आहे.

आमचे पीक कापसाचे. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होई. मग कापूस घरात येई, उमरखेडला जाई आणि पैसा हाती पडे. पैसा येण्याचे महिने तीन-चार आणि खर्चाचे महिने बारा! कापूस विकला गेला, की गावात फेरीवाल्यांची रीघ लागे. ते आमच्या घरांची नाडी बरोबर ओळखीत. बाबा मात्र आलेल्या पैशांतून आधी जूनच्या बियाण्याचे पैसे बाजूला काढीत, मग दुकानाची उधारी देत. उरलेल्या रकमेत पुढचा सगळा काळ काढायचा, म्हणून दर बाजाराचे पैसे ठरलेले असत. हिशेब लिहिण्याचे काम माझ्या ताईकडे होते. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचे अक्षर ठसठशीत. बाजार करून आले, की बाबा सांगत आणि ताई एका लांबट वहीत लिही: मीठ, १० पैसे, आजीचे तेल, १५ पैसे, आणखी असेच काही. आजीचे तेल म्हणजे तिच्या गुडघ्यांना चोळायचे तेल. बाजारातील एक औषधविक्या ते लहान बाटलीतून मापून देई.

पुढे मोठेपणी मी वाचले, की जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची अशीच एक वही तयार केली आणि ती पद्धत तिथे घरोघर गेली. वाचताना मला आमच्या ताईचीच वही डोळ्यांसमोर दिसली.

ही गोष्ट १९६८ सालच्या मार्च महिन्यातली. ताई सातवीत होती आणि तिची परीक्षा तोंडावर आली होती. घरात एकच कंदील. त्याची काच तडकून तिचा एक तुकडा गळून पडला होता. बाबांनी तिथे कागद चिकटवून पाहिला. तो करपून गेला. त्या आठवड्यात आजीचे गुडघे सुजले होते, बाबांना शेत सोडून येणे शक्य नव्हते. म्हणून बाजाराला मी एकटा, शेजारच्या काकांच्या बंडीतून गेलो. बाबांनी मोजून पैसे दिले. मीठ, मिरची, रॉकेल, आजीचे तेल आणि कंदिलाची काच. काचेसाठी बारा आणे निराळे काढून त्यांनी माझ्या खिशाला आतून टाचणी लावली.

मीठ, मिरची, तेल, रॉकेल घेऊन झाले. काचेच्या दुकानाकडे निघालो, तोच वाटेत एक माणूस दिसला. त्याच्यापुढे पुठ्ठ्याच्या रंगीत नळ्या मांडल्या होत्या. त्याने एक नळी माझ्या डोळ्याला लावली आणि हळूच फिरवली. आत लाल, हिरवे, निळे फूल उमलले! ते मिटले आणि दुसरेच उमलले. नळी फिरवावी आणि नवे फूल पाहावे. तेच फूल काही पुन्हा येईना. शोभादर्शक हे त्याचे नाव मला नंतर शाळेत कळले. आत तीन आरसे आणि बांगड्यांच्या काचांचे तुकडे असतात, हेही तेव्हाच कळले. त्या दिवशी मला एवढेच कळले, की ही नळी मला हवी. किंमत विचारली. बारा आणे.

आजीचा नियम मला तोंडपाठ होता. परंतु मन मोठे चलाख असते; त्याला हवे ते करायचे असले, की ते तऱ्हेतऱ्हेच्या सबबी शोधून काढते. दुसऱ्या फेरीपर्यंत हा माणूस निघून गेला तर? शेवटची नळी कुणी दुसऱ्याने घेतली तर? काच काय, पुढच्या बाजारी आणता येईल. एका आठवड्याने काय बिघडते? टाचणी काढताना ती माझ्या बोटाला टोचली. तरीही मी थांबलो नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. बाबांनी एकेक वस्तू घेतली आणि विचारले, "काच?" मी नळी पुढे केली. बाबा काही बोलले नाहीत. आजीने ती हातात घेतली, खाटेवरूनच दाराकडे तोंड केले आणि मावळत्या उजेडात बराच वेळ त्यात पाहत राहिली. मग म्हणाली, "लई सुंदर आहे." आणि थोडे थांबून म्हणाली, "दुसरी चक्कर मारली होती काय रे?"

मी मान हलवली. यापलीकडे घरात त्याविषयी कोणीही एक शब्द काढला नाही.

रात्री ताईने चिमणी पेटवली. चिमणी म्हणजे पत्र्याची लहान डबी आणि तिच्या तोंडात वात. वर काच नाही, काही नाही. ज्योत वाऱ्याबरोबर आडवी होई, म्हणून ताईने वाऱ्याच्या बाजूला पाटी उभी धरली. एका हाताने पाटी धरायची, दुसऱ्या हाताने पान उलटायचे, आणि लिहायचे असले तर पाटी खाली ठेवून ज्योतीवर लक्ष ठेवायचे, अशी तिची कसरत चालली होती. धूर सरळ तिच्या डोळ्यांत जाई. ती पदराने डोळे पुशी आणि पुन्हा वाचू लागे. मी अंथरुणात पडून पाहत होतो. मला झोप येईना, म्हणून मी उशाखालून नळी काढून डोळ्याला लावली. आत काहीच दिसले नाही. शोभादर्शकाला उजेड लागतो. घरात उजेड एकच होता आणि तो आधीच ताईला पुरत नव्हता.

असे सात रात्री चालले. सकाळी ताईच्या नाकाखाली काजळीची रेघ दिसे. मला वाटे, ती एकदा तरी मला रागे भरेल, निदान आईला तरी सांगेल. ती काहीच बोलली नाही. त्या आठवड्यात मला आजीचे बैलांविषयीचे बोलणे आठवले. मी नळी मागितली होती. स्वतःच्या मनाला विचारले होते आणि मनाने ताबडतोब होकार दिला होता. ताईने काहीच मागितले नव्हते. ती बाजारात नव्हतीच. मी दुसरी फेरी मारली असती, तर कंदिलांच्या दुकानावरून गेलो असतो आणि तिथे कदाचित मला ती दिसली असती. ज्या वस्तूवाचून आपले काहीच अडत नाही, तिच्या किंमतीत दुसऱ्या कोणाची तरी अडचण मिसळलेली असते. आणि ते दुसरे माणूस बहुधा दुकानात हजर नसते.

पुढच्या बाजारी बाबांनी काच आणली. तिचे पैसे कोठून आले, हे मी विचारले नाही. मुले असे प्रश्न विचारीत नाहीत. ताई परीक्षेत उत्तीर्ण झाली, पण गणितात तिला नेहमीपेक्षा कमी गुण पडले. ते चिमणीमुळे, की पेपरच कठीण होता म्हणून, हे कोण सांगणार? परीक्षा संपल्यावर तिने एकदा माझ्याकडे शोभादर्शक मागितला आणि अंगणातल्या उन्हात बसून बराच वेळ पाहिला. आजी मात्र त्या उन्हाळ्यात बाजाराला फारशी आलीच नाही. उन्हाळ्यात तिचे गुडघे दरवर्षी बरे असत. त्या वर्षी ते दुखतच राहिले. तिचे वय झाले असे मला वाटले.

आता मी स्वतः आजोबा झालो आहे. उमरखेडचा बाजार आजही भरतो आणि नागपूर-तुळजापूर महामार्गावरून येणारी माणसे तिथे उतरतात. पण माझ्या नातवंडांचा खरा बाजार त्यांच्या मुठीतल्या मोबाइलमध्ये भरलेला असतो, आणि तो रात्री बारालाही उठत नाही. तिथे पदराला गाठ नाही. आता मोबाइलमधून पैसे देण्याची सोय झाली आहे. ती उपयोगाची आहे, मीही वापरतो. परंतु पैसा हातातून जाताना आता बोटांना कळत नाही. आणि त्या बाजारातील विक्या मला माझ्या नळीवाल्याहून हुशार वाटतो. 'फक्त दोनच शिल्लक' असे तो लिहितो, शेजारी उलटे चालणारे घड्याळ लावतो. दुसऱ्या फेरीची त्याला भीती वाटत असली पाहिजे, नाही तर एवढी घाई कशाला?

मी हे नातवंडांना ऐकवत असतो खरा. पण माझेही ऐका. मागल्या दिवाळीत रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर टेबलावरचा एक सुरेख दिवा पाहिला आणि तिथल्या तिथे मागवला. तीन दिवसांनी खोके दारात आले. उघडून ठेवायला गेलो, तो टेबलावर एक दिवा होताच आणि कपाटात दुसरा. नातू हसू लागला. तेव्हापासून मी वस्तू निवडतो आणि तशीच ठेवून झोपी जातो. सकाळी पुन्हा पाहतो. दहांपैकी सात-आठ वस्तू सकाळी मला ओळखही देत नाहीत.

त्या दिव्याची गोष्ट सांगायला म्हणून मी ताईकडे गेलो होतो. ताई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. ती पोट धरून हसली, आत गेली आणि जुन्या ट्रंकेतून ती लांबट वही घेऊन आली. पाने पिवळी पडली होती, पण अक्षर तसेच ठसठशीत. मी १९६८ चा मार्च काढला. माझ्या त्या बाजाराच्या पानावर मीठ होते, मिरची होती, रॉकेल होते, आजीचे तेल होते. शेवटची ओळ होती: 'काच, ७५ पैसे.' मला हसू आले. ताईने खोटे काही लिहिले नव्हते. नळीत काचच होती.

पान उलटले. पुढच्या आठवड्यातही शेवटी 'काच, ७५ पैसे' अशीच ओळ होती. मी वही मिटणार होतो. परंतु त्या पानावर काहीतरी कमी आहे असे वाटले, म्हणून पुन्हा वरून खाली वाचले. 'आजीचे तेल, १५ पैसे' ही ओळ तिथे नव्हती. पुढच्या पानावर पाहिले. तिथेही नव्हती. त्याच्या पुढेही नव्हती. मी एकेक पान मोजत गेलो. पाच आठवडे ती ओळ कुठेच नव्हती. सहाव्या आठवड्याच्या पानावर, मिठाच्या खाली, ती पुन्हा सुरू झाली होती.

मी ताईकडे पाहिले. "तुला तेव्हा ठाऊक होते?"

"लिहीत मीच होते ना," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला आणि वही माझ्या हातातून घेऊन पुन्हा ट्रंकेत ठेवली.